एफ फॉर्म ते कोर्टाची तारीख

मुलगी वाचवा म्हणणाऱ्या पाट्यांची महाराष्ट्रात वानवा नाही. एसटी स्टँडवर, जिल्हा परिषदेच्या जिन्यात, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्या असतातच. सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरमागे तर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी कायद्यानेच सक्तीची आहे. पण पडद्याआड नेमकं तेच चालत असेल तर ते थांबवायला कोण जातं, कुठल्या अधिकारात जातं, बरोबर काय नेतं आणि कुठला कागद विसरल्यामुळे काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतो, हे मराठीत एका जागी वाचायला मिळत नव्हतं. या पुस्तकाने ती उणीव भरून काढली आहे. प्रस्तावनेत हे वाक्य लिहायची रीतच असते, पण इथे ते खरं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा लोकांची मनं बदलण्यासाठी केलेला नाही. मनं बदलायला शाळा आहेत, कीर्तनं आहेत, मालमत्तेतला वाटा आहे. हा कायदा एका व्यवसायावर आणि त्याच्या हातातल्या यंत्रावर नियंत्रण ठेवण्यासाठी केला आहे, आणि तो चालतो तो कागदावर. फॉर्म, रजिस्टर, पंचनामा, तक्रारअर्ज. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात फोटो निघत नाहीत, म्हणून आपल्याकडे ते टाळलं गेलं आणि त्याच्या जागी प्रभातफेऱ्या निघाल्या.

इतिहास थोडक्यात सांगते, पुस्तकात तो सविस्तर आहे. 1975च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल परीक्षा सुरू झाली ती गर्भातले दोष शोधण्यासाठी. लिंग कळल्यावर मुलीचा गर्भ पाडून घेण्याकडे जोडप्यांचा कल दिसला, तेव्हा 1978 मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही चाचणी बंद केली. खासगी दवाखान्यांना मात्र कुणी हटकलं नाही. मुंबईत तर तिचा उघड धंदा झाला. आज थोडे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा सुराच्या जाहिराती लोकलच्या डब्यात लागत. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी 1986 मध्ये मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यातले 42 जण ही परीक्षा करत होते. त्याच काळात स्त्री संघटना, डॉक्टर, विज्ञान चळवळीतली माणसं एकत्र आली आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994चा, अंमल 1 जानेवारी 1996पासून.

अंमल म्हणजे कागदोपत्री अंमल. सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, आणि नोंदणी मात्र जेमतेम. अखेर 2000 साली मुंबईची ‘सेहत’ आणि पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. यंत्रं कुणाकुणाला विकली याच्या याद्या न्यायालयाला थेट कंपन्यांकडून मागवाव्या लागल्या, यावरून सरकारी यंत्रणेची अवस्था कळावी. त्या याचिकेच्या रेट्याने कायदा सुधारला गेला आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही 14 फेब्रुवारी 2003पासून बंदीखाली आली. या कायद्याखाली डॉक्टरला तुरुंगवासाची पहिली शिक्षा झाली ती 2006 मध्ये, हरियाणातल्या पलवलमध्ये. म्हणजे कायदा अंमलात आल्यावर दहा वर्षांनी.

त्या दरम्यान काय झालं ते जनगणनेत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. जिल्हे पाहिले की चित्र आणखी बोलकं होतं. 2001 मध्ये तळाला होते कोल्हापूर 839 आणि सांगली 851 : ऊस, दूध, सहकार, मोटारसायकली, मुलींची कॉलेजं, सगळं असलेले जिल्हे. 2011 मध्ये बीड 807वर आला, आणि त्याच वर्षी गडचिरोली 961वर होता. अडाणीपणामुळे हे घडतं, असं भाषणात अजूनही ऐकू येतं. हे आकडे समोर असताना तसं म्हणणं म्हणजे गडचिरोलीच्या आदिवासींवर अन्याय आहे. लिंगनिदानाला पैसा लागतो, डांबरी रस्ता लागतो आणि ओळखीचा डॉक्टर लागतो. 2021ची जनगणना वेळेवर झालीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र राज्याचं जन्माच्या वेळचं प्रमाण चौथ्या फेरीतल्या 924वरून पाचव्या फेरीत 913वर उतरलं. तेव्हा प्रश्न मिटला आहे असं समजून हे पुस्तक बाजूला ठेवू नये.

आता एफ फॉर्मकडे येते. पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग त्यावर आहे आणि तो तसाच असायला हवा होता.

गरोदर बाईची सोनोग्राफी केली की हा फॉर्म भरायचा. नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, हयात मुलगे किती नि किती वयाचे, मुली किती नि किती वयाच्या, तपासणीला पाठवलं कुणी, आणि तपासणीचं कारण. कारणांची यादी छापलेलीच असते, 23 कारणांची. बाई सही करते की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टर सही करतो की मी ते शोधलं नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलं नाही. दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो. बहुतेक कार्यालयांत तो येतो, आवक शिक्का बसतो आणि गठ्ठा कपाटात जातो.

सुटा फॉर्म वाचून काही कळत नाही. एका सेंटरचे तीन-चार महिन्यांचे फॉर्म टेबलावर पसरून सलग वाचावे लागतात. मग दिसायला लागतं. दोन मुली असलेल्या बायका, चौदा ते सतरा आठवड्यांच्या, दुसऱ्या तालुक्यातून, वाटेवरची चार सेंटरं सोडून इथे येतात. पाठवणाऱ्या डॉक्टरच्या रकान्यात ‘स्वतः’. कारण प्रत्येकीचं तेच, शब्दही तेच. (अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी बाळातले दोष पाहायला सगळीकडेच होते, तिच्यावरून कुणावर संशय घेऊ नये, हे संपादकांनी ठळक छापलं ते बरं केलं, नवा अधिकारी हमखास इथेच फसतो.) दुसऱ्या एखाद्या गठ्ठ्यात मुला-मुलींच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. दिवसभरात आलेल्या सगळ्या बायकांच्या सह्या एकाच वळणाच्या, एकाच शाईच्या. मशिनच्या मेमरीतल्या तपासण्या जास्त, फायलीतले फॉर्म कमी. आणि शेवटची पायरी, जी फारच थोडे अधिकारी चढतात : त्या नावांच्या बायका पुढे कुठे बाळंत झाल्या, हे आशाताईच्या वहीत शोधायचं. वहीत गरोदरपणाची नोंद असते आणि बाळंतपणाची नसते, तिथे विचारपूस सुरू करायची. हे सगळं एका कारकुनाच्या मदतीने, कुठलीही धाड न घालता करता येतं.

नोंदीतली त्रुटी हीच कायद्याचं उल्लंघन मानली जाईल, उलट सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरची, असं चौथ्या कलमात म्हटलं आहे. डॉक्टरांच्या संघटनांना हे पहिल्यापासून खुपतं. पत्ता अर्धवट राहिला म्हणून खुन्यासारखं वागवता का, हा त्यांचा प्रश्न. स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना तो घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे 2019 मध्ये हरली. नोंद ठेवणं हाच या कायद्याचा कणा आहे, ती कारकुनी बाब समजता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. कायदा म्हणून मला निकाल बरोबर वाटतो, कारण बंद खोलीत दोन माणसांमध्ये खुणेने झालेल्या गुन्ह्याचा दुसरा पुरावा मिळणार तरी कुठून? पेढा म्हटलं की मुलगा, बर्फी म्हटलं की मुलगी. ‘जय श्रीराम’ नि ‘जय माता दी’. हे पंचनाम्यात कसं पकडणार?

तरी डॉक्टरांच्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मोहिमेच्या महिन्यात वरून आकडा मागितला जातो. मग ज्याचं सेंटर रस्त्यावर आहे, फायली हाताशी आहेत, अशा सरळ माणसाचं मशिन एका राहिलेल्या सहीपायी सील होतं, आणि यंत्र गाडीच्या डिकीत घालून शेतवस्तीवर फिरणाऱ्याकडे फॉर्मच नसल्यामुळे त्याच्या फॉर्ममध्ये चूकही सापडत नाही. 2023 मध्ये कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात गर्भलिंगनिदान चाललं होतं ते चक्क गुऱ्हाळाच्या शेडमध्ये. फिरत्या यंत्रांवर 2012पासून कडक निर्बंध आहेत. निर्बंध दवाखान्याला लागू पडतात. गुऱ्हाळाला कोण लावणार?

हे सगळं ज्याने करायचं तो समुचित प्राधिकारी म्हणजे जिल्ह्यात शल्यचिकित्सक, तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक, महानगरपालिकेत आरोग्य अधिकारी. सगळे डॉक्टर. ज्याच्या दारात तपासणीला जायचं तो बहुधा त्यांच्याच कॉलेजचा, त्यांच्याच संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा, क्वचित ज्याच्याकडे त्यांची स्वतःची सून तपासणीला जाते असा. सोबतीला सल्लागार समिती असते, त्यात तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक विधिज्ञ, माहिती खात्याचा एक अधिकारी आणि तीन सामाजिक कार्यकर्ते. साठ दिवसांत एकदा तरी बैठक व्हायलाच हवी असा नियम आहे. अशा समित्यांवर मी बसले आहे. विषयपत्रिकेत नोंदणी, नूतनीकरण, पत्ताबदल यांचे अर्ज असतात आणि चहा येईपर्यंत ते मंजूर होतात. एफ फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आणा म्हटलं की गोंधळ उडतो, कपाटाची चावी कुणाकडे असते हेच कुणाला माहीत नसतं.

खात्री झाली तरी हातात पुरावा पाहिजे, आणि तिथे डमी ग्राहकाची गरज लागते. साताऱ्याच्या अॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानाने हे तंत्र महाराष्ट्रात रुजवलं. देशपांडे यांना 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. वृत्तपत्रात ‘स्टिंग ऑपरेशन’ असं रंगवून येतं, त्यामागची खटपट छापून येत नाही. डमी खरीच गरोदर लागते, योग्य आठवड्यांची लागते, धीट लागते आणि तिच्या घरच्यांची तयारी लागते. नोटांचे नंबर आधी पंचांसमोर लिहून घ्यायचे. एजंट तिला एकीकडे बोलावतो, तिथून दुसऱ्या गाडीत बसवतो, मोबाइल काढून घेतो. मागच्या गाडीतल्या अधिकाऱ्याला रस्ता चुकला तर सगळं मुसळ केरात. आणि हे सगळं साधलं तरी ती बाई साक्षीदार होते, म्हणजे मूल शाळेत जायला लागलं तरी तिला कोर्टाची समन्सं येत राहतात. नवऱ्याची बदली झालेली असते, सासूला हा व्याप नको असतो. ती फिरली तर तिला फितूर म्हणणं मला जड जातं. तिचा प्रवासखर्चसुद्धा आपण वेळेवर देत नाही. खबर देणाऱ्याला राज्य सरकार 1 लाख रुपये बक्षीस देतं, ते ठीकच. डमी होणाऱ्या बाईची सोय मात्र पुष्कळदा कार्यकर्त्यांच्या खिशातूनच होते.

कोर्टाबद्दलचं प्रकरण वकील नसलेल्यांनीही वाचावं. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, तडजोड न होणारा आहे. तरी न्यायालय दखल घेतं ती प्राधिकाऱ्याच्या तक्रारीवरून, किंवा पंधरा दिवसांची नोटीस देऊनही प्राधिकारी हलला नाही तर नोटीस देणाऱ्या कुणाही माणसाच्या तक्रारीवरून. याचा परिणाम असा की हा पोलिसांच्या आरोपपत्रावरचा खटला राहत नाही. तक्रारीवरच्या अशा खटल्यात आरोप निश्चित करण्याआधीच साक्षीपुरावा घ्यावा लागतो, आणि आरोप निश्चित झाले की उलटतपासणीसाठी तेच साक्षीदार पुन्हा येतात. त्यात तेविसावं कलम म्हणतं की न्यायालयाने आरोप निश्चित केले की डॉक्टरची मेडिकल कौन्सिलची नोंदणी खटला संपेपर्यंत निलंबित करावी. म्हणजे आरोपीच्या दृष्टीने खरी लढाई शिक्षेची नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड, तोही कधी काळी. त्याला भीती आरोप निश्चितीची असते, कारण त्या दिवशी दवाखाना बंद होतो. म्हणून तो दिवस पुढे ढकलण्यासाठी सगळं बळ लावलं जातं : तक्रार करणारा अधिकारी त्या तारखेला राजपत्रात प्राधिकारी म्हणून अधिसूचित होता का, पंच स्वतंत्र होते का, जप्तीच्या यादीची प्रत दिली का. यातली एक गोष्ट जरी कच्ची राहिली तरी खटला तिथेच कोसळतो. तोवर तक्रारदार अधिकारी दोन जिल्हे बदलून निवृत्तीला आलेला असतो आणि तारखेला स्वतःच्या खर्चाने येतो, किंवा येत नाही.

परळीचं प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखं आहे. तिथल्या एका नामांकित डॉक्टर दांपत्याविरुद्ध 2010 मध्येच स्टिंग झालं होतं. दवाखाना चालूच राहिला. मे 2012 मध्ये गर्भपात करताना एक बाई दगावली, तेव्हा राज्य हादरलं. 2019 मध्ये बीडच्या न्यायालयाने दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा दिली, मृत बाईच्या नवऱ्यालाही दिली. एवढ्या वर्षांची कैद झाली ती भारतीय दंड विधानामुळे. लिंगनिदानाच्या कायद्याच्या जोरावर तो डॉक्टर 2010 मध्येच थांबला असता तर ती बाई जगली असती. शिक्षा झाल्याच्या पुढच्याच वर्षी तो पुन्हा रुग्ण तपासताना पकडला गेला. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. तिथेही सुरुवात एका बाईच्या मृत्यूने झाली, डॉक्टर होमिओपॅथीचा होता, आणि तपास सीमेपलीकडे कर्नाटकात गेला. दोन्हीकडे बाई मेल्यावर यंत्रणा जागी झाली. फॉर्म आधी वाचले गेले असते तर, असं माझ्या मनात येतं. पण म्हैसाळला फॉर्म होतेच कुठे, हेही तितकंच खरं.

कोल्हापूरचा प्रयोग वेगळा आहे. लक्ष्मीकांत देशमुख तिथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची चित्रं साठवणारं ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं आणि एफ फॉर्म ऑनलाइन भरायला लावला. क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली, रुग्णाची गुप्तता भंगते म्हणाली. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायम केला. जिल्ह्याचं बालकांमधलं प्रमाण 839वरून 863वर आलं. त्याचं श्रेय त्या उपकरणाला किती, यावर पुस्तकात दोन लेखकांचं जुंपलं आहे. माझा कौल असा की साठवलेली चित्रं कुणी पाहिलीच नाहीत तर त्या पेटीचा काही उपयोग नाही, पण जिल्हाधिकारी स्वतः दर आठवड्याला विचारतो आहे एवढी बातमी डॉक्टरांच्या गोटात पोचली की पुष्कळ काम होतं.

एका गोष्टीवर मात्र मला पुस्तकापेक्षा जरा जोरात बोलायचं आहे. 2012 नंतरच्या मोहिमांमध्ये लिंगनिदानाचा राग गर्भपातावर निघाला. गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच औषध दुकानदार कचरू लागले, बारा आठवड्यांपुढची केस म्हटली की चांगले डॉक्टरही हात वर करू लागले. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. म्हणजे कारवाई झाली ती नेमकी अशा बायकांवर ज्यांचा या गुन्ह्याशी संबंध नव्हता. गर्भपात 1971पासून कायदेशीर आहे, 2021च्या दुरुस्तीने काही प्रसंगी 24 आठवड्यांपर्यंत. लिंगनिवडीच्या कायद्यानेही बाईला नवऱ्याने आणि सासरच्यांनी भाग पाडलं असंच गृहीत धरलं आहे. 2016 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी उलटाच विचार मांडला, की प्रत्येक गर्भाचं लिंग तपासून नोंदवावं आणि बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावं. म्हणजे डॉक्टरांना मोकळीक आणि पहारा गरोदर बाईवर. तो मागे पडला ते चांगलं झालं, पण अधूनमधून डोकं वर काढतोच, आणि आमच्या कार्यशाळांमध्ये त्याला टाळ्याही मिळतात.

पुढची अडचण यंत्राची राहणार नाही. आईच्या रक्तातून दहाव्या आठवड्यापासून गर्भाची गुणसूत्रं तपासता येतात. चाचणी दोष शोधण्यासाठी, पण वाय गुणसूत्र तिला दिसतंच. रक्ताची बाटली कुरिअरने जाते, अहवाल मोबाइलवर येतो. अशा प्रयोगशाळांना नोंदणी आणि तपासण्यांच्या नोंदी दोन्ही लागू आहेत. बाटली राज्याबाहेर, देशाबाहेर गेली की प्राधिकाऱ्याच्या हद्दीचं काय, याचं उत्तर नियमांत नाही. पुस्तकातलं या विषयावरचं प्रकरण सगळ्यात छोटं आहे, दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवावं लागेल.

सल्लागार समितीवर नव्याने नेमणूक झालेल्यांनी थेट एफ फॉर्मच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि इतिहास नंतर वाचावा. सरकारी वकिलांनी निर्दोष सुटलेल्या खटल्यांचा भाग आधी वाचावा, यशस्वी खटल्यांपेक्षा त्यात शिकण्यासारखं जास्त आहे. परिशिष्टात जप्तीच्या यादीचा, पंचनाम्याचा आणि तक्रारअर्जाचा कोरा नमुना आहे. अधिकाऱ्यांनी त्याच्या प्रती काढून गाडीतच ठेवाव्यात, आणि राजपत्रातल्या आपल्या अधिसूचनेची प्रत त्यालाच टाचून.